इनव्हिजिबल झालास तरी डिटेक्ट मॅजिकला काय कळतं

डी अँड डी फाइव्ह ई, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळाच्या पाचव्या आवृत्तीत नवीन विझार्ड (जादूगार पात्र) घेतलायस ना, मग हे नीट बघ. इनव्हिजिबिलिटी (अदृश्य करणारा स्पेल, म्हणजे मंत्र) टाकली तरी 30 फुटांत कोणी डिटेक्ट मॅजिक (जादू ओळखणारा स्पेल) चालू ठेवलं असेल तर त्याला जवळपास जादू आहे एवढं जाणवतंच, पण ऑरा (जादूभोवतीची अंधुक आभा) दिसायला तू आधी दिसायला हवास, त्यामुळे नेमका कुठे उभा आहेस ते कळत नाही. मधे फूटभर दगडी भिंत किंवा शिशाचा पातळ पत्रा असला की तेही जाणवत नाही, म्हणून भिंतीमागूनच जा. आणि हाइड अ‍ॅक्शन (आपल्या पाळीत लपायची कृती) घ्यायचीच हं, पावलांचा आवाज जादूने थांबत नाही! वस्तूतली जादू डिटेक्ट मॅजिकपासून लपवायचीय तर निस्टुल्स मॅजिक ऑरा बेस्ट, 24 तास टिकतो, मला तर तो स्पेल फार आवडतो.