नाणेघाट आधी की पांडवलेणी?

प्रश्न : आम्ही नाशिकला गंगापूर रोडला राहतो. नाशिकची पांडवलेणी आणि जुन्नरजवळचा नाणेघाट, जुन्या व्यापारी वाटांवरची ही दोन्ही ठिकाणं दोन दिवसांत पाहायची आहेत. सोबत ६८ वर्षांच्या सासूबाई आहेत. पावसाळ्यात जावं का?

उत्तर : आधी पांडवलेणी. तिथल्या १० क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे, तो समजला की पुढची वाट बोलू लागते. त्याने गोवर्धनच्या कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे (व्यवसाय-संघांकडे) ३००० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, कायमची ठेव ठेवली : एकीकडे २०००, दरमहा शेकडा १, दुसरीकडे १०००, शेकडा पाऊण. मुद्दल मोडायचं नाही. २००० चं वर्षाचं व्याज २४०. त्यातून वर्षावासाला (पावसाळ्यातल्या मुक्कामाला) राहणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी १२. करून पाहा, हिशेब चोख जुळतो! हे गोवर्धन म्हणजे तुमच्याच रस्त्याला, गंगापूरजवळचं गाव. अक्षरं दिसत नाहीत अशी तक्रार असते. बॅटरी समोरून मारल्याने तसं होतं. ती भिंतीलगत आडवी धरा, कोरीव कडांची सावली पडते. खडू किंवा पाणी अजिबात लावू नका.

दुसऱ्या दिवशी सिन्नर, संगमनेर, आळेफाटामार्गे जुन्नर आणि पुढे सुमारे ३० किमी नाणेघाटाच्या माथ्याजवळचं गाव घाटघर. या बाजूने गाडी घाटमाथ्याजवळ जाते, त्यामुळे सासूबाईंना चढ नाही. दगडी रांजण वरच आहे. त्यात जकातीची नाणी टाकत, असं सांगतात. सातवाहन राणी नागनिकेच्या लेखाची गुहा मात्र नाळेतून, म्हणजे कड्यांमधल्या अरुंद खिंडीतून, थोडं खाली आहे. शतकानुशतकांच्या पावलांनी तिथले दगड गुळगुळीत झालेत, उतरताना गुडघ्यांवर भार येतो. त्यांना वरच बसू द्या. गुहेतल्या राजघराण्याच्या पुतळ्यांची आता फक्त पावलं उरलीत, वर कोरलेली नावं तेवढी शोधा.

पावसाळा टाळाच. पाणी नाळेतूनच वाहतं आणि धुक्यात कडा दिसत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पाणी माणशी २ लिटर घ्या, कोरीव टाक्यांवर विसंबू नका.

प्रश्न : नाशिकचा मालही नाणेघाटानेच उतरायचा का?

उत्तर : नाशिकला जवळची वाट थळघाटाची, म्हणजे आपला कसारा घाट. नाणेघाट हा पैठण-जुन्नरकडून कल्याण-सोपारा या बंदरांना जाणाऱ्यांचा. थळघाटाची वाट आजही वापरात आहे : महामार्ग तिथूनच जातो आणि रेल्वेही. रुळांचा चढ ३७ फुटांना १ फूट, म्हणून कसाऱ्याला गाडीला जादा इंजिनं जोडतात. बैलांच्या पाठीवर माल लादून हाच चढ चढायचा म्हणजे काय, ते खिडकीतून पाहून घ्या.