अंमल कोण करणार ते विचार

बाबा रे,

तुझा लांबलचक मेसेज दोनदा वाचला. एमएच्या प्रबंधाला तू अमेरिकेतल्या काळ्या लोकांची समान हक्कांची चळवळ घेतलीस, आणि अडलायस कुठं, तर तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष केनेडी आणि त्यांच्यानंतरचे जॉन्सन मनापासून काळ्यांच्या बाजूचे होते की मतांसाठी करत होते, इथं. आणि त्याच मेसेजच्या शेवटी विचारतोस की जातीच्या दाखल्यांसाठी सोलापुरात पूनम गेटवर धरलेलं धरणं उठवायचं का, कारण साहेब भेटले, चहा पाजला, मागण्या न्याय्य आहेत म्हणाले आणि निम्मी पोरं घरी निघाली. अरे हे दोन प्रश्न नाहीत, एकच आहे. सरकारचं मन कसं आहे ते शोधत बसलास तर प्रबंध पण बुडेल आणि धरणं पण. मन सोड. अंमल कोण करणार ते विचार.

बसचंच घे. एका राज्यातनं दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या बसमध्ये काळ्यांना वेगळं बसवायचं नाही हे त्यांच्या सुप्रीम कोर्टानं १९४६ ला सांगितलं, १९६० ला स्टँडवरच्या खाणावळी आणि वेटिंग रूमबद्दल पण सांगितलं. दक्षिणेत सगळं जिथल्या तिथं. मग १९६१ ला काळी-गोरी पोरं मिळून तिकीट काढून बसली, अलाबामात अॅनिस्टनजवळ त्यांची बस जाळली, पोरांनी मार खाल्ला, आणि राष्ट्राध्यक्षांचे भाऊ आणि तेव्हाचे अॅटर्नी जनरल, म्हणजे केंद्राच्या न्यायखात्याचे प्रमुख, रॉबर्ट केनेडी काय म्हणतात, तर जरा थंड घ्या. पोरं थंड झाली नाहीत, मिसिसिपीच्या जेलात जाऊन बसली. तेव्हा कुठं त्याच केनेडींनी आंतरराज्य वाहतूक आयोगाकडं मागणी लावली आणि १ नोव्हेंबर १९६१ पासून भेदभावाचे बोर्ड उतरवायचा नियम लागू झाला. कोर्टाचं म्हणणं आधीपासून तेच होतं, फरक एवढाच की आता एक खातं जबाबदार होतं आणि कागदावर तारीख होती.

शाळांचं पण तेच. काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळा चालणार नाहीत असा १९५४ ला निकाल, १९५५ ला परत निकाल, पण त्यात तारीखच नाही. दहा वर्षांनी दक्षिणेत शंभर काळ्या पोरांमागं जेमतेम एखाद-दुसरं गोऱ्यांच्या शाळेत होतं. १९५७ ला लिटल रॉकमध्ये गोऱ्यांच्या शाळेत निघालेल्या नऊ काळ्या पोरांसाठी तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवरनी लष्कर पाठवलं त्याचं तू पानभर वर्णन केलंस, पण पुढच्या वर्षी गव्हर्नरनं तिथली हायस्कूलंच बंद ठेवली हे एका ओळीत तरी लिहायचं की रे! शाळा खऱ्या हलल्या त्या १९६४ च्या नागरी हक्कांच्या कायद्यानंतर, कारण त्यात कलम आलं की भेदभाव केलास तर केंद्राचा पैसा बंद. मनं काय रातोरात बदलली नव्हती. आणि बघ, त्याच कायद्यानं नोकरीतल्या भेदभावासाठी आयोग काढला, पण मालकाला कोर्टात खेचायचा अधिकार त्याला १९७२ पर्यंत दिला नाही, तोवर नुसती समजूत काढायची. घर विकताना, भाड्यानं देताना भेदभाव नको हा कायदा चळवळीचे पुढारी मार्टिन लूथर किंगना मारल्यावर आठवड्याभरात, एप्रिल १९६८ ला झाला, पण त्याच्या अंमलबजावणीला खरी ताकद १९८८ ला मिळाली. मधली वीस वर्षं कुणाची गेली ते सांग मला.

आता तुझा लाडका प्रश्न, प्रामाणिक होते का. ११ जून १९६३ ला केनेडी टीव्हीवर बोलले, हा नैतिक प्रश्न आहे म्हणाले, आणि काही तासांत मिसिसिपीतल्या जॅक्सनमध्ये चळवळीचे कार्यकर्ते मेडगर एव्हर्सना त्यांच्या दारात गोळी घातली. त्याच वर्षी ऑक्टोबरात केनेडींच्या सख्ख्या भावानं, त्याच रॉबर्टनं, किंगचे फोन चोरून ऐकायला परवानगी दिली. जॉन्सन १९६५ च्या मार्चमध्ये संसदेत उभे राहून चळवळीचीच घोषणा बोलले, ते मनापासूनच बोलले असं मी आजही मानतो. त्याच जॉन्सननी १९६७ च्या दंगलींवर स्वतः आयोग नेमला, १९६८ ला आयोगानं गोऱ्यांच्या वर्णद्वेषावर बोट ठेवलं, नोकऱ्या आणि घरांवर मोठा खर्च करा म्हणून सांगितलं, आणि तो अहवाल त्यांनी बाजूला ठेवला. हे सगळं त्याच दोन सरकारांनी केलं. तू त्यातनं चांगला माणूस-वाईट माणूस निवडत बसलायस, म्हणून तुझं तिसरं प्रकरण पुढं सरकत नाही.

मतदानाचा कायदा नीट वाच. ऑगस्ट १९६५. त्यात नुसतं 'सर्वांना मत द्यायचा हक्क' असं लिहून ते थांबले नाहीत. केंद्राची माणसं थेट जिल्ह्यात जाऊन नाव नोंदवणार, आणि ठराविक राज्यांना मतदानाचा नियम बदलायचा तर आधी केंद्राची परवानगी लागणार. मिसिसिपीत काळ्या मतदारांची नोंदणी ६.७ टक्क्यांवरनं दोन वर्षांत साठच्या जवळ गेली. आणि २०१३ ला कोर्टानं, कुणाला ही परवानगी लागेल ते ठरवणारं सूत्रच रद्द केलं, तर टेक्सासनं त्याच दिवशी जाहीर केलं की अडकलेला ओळखपत्राचा कायदा आम्ही लागू करतोय. हक्क कागदावर होताच की. राखणारा बाजूला केला.

तुला हे अमेरिकेतनं शिकायची गरज नव्हती खरं तर, तू सेटलमेंटचा पोरगा आहेस. इंग्रजांनी १८७१ ला कायदा करून जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या, आपल्या सोलापुरात त्यांना सेटलमेंटमध्ये, तारेच्या कुंपणात ठेवलं, हजेरी लावली. ३१ ऑगस्ट १९५२ ला मुक्त झाले म्हणतो आपण, दरवर्षी कार्यक्रम करतो, भाषणं होतात. पण मागोमाग सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि पोलीस त्याच दारात परत उभे राहिले. पिढ्यान् पिढ्या हिसकावलेलं घर, शेत, शाळा कोण परत देणार हे कुणा अधिकाऱ्याच्या नावावर चढलंच नाही. नामांतराचं पण बघ, ठराव १९७८ च्या जुलैत दोन्ही सभागृहांत झाला आणि मराठवाडा विद्यापीठाच्या पाटीवर बाबासाहेबांचं नाव लागलं १४ जानेवारी १९९४ ला, मधे दलित वस्त्या जळाल्या, माणसं गेली. ठराव झाला म्हणून जे घरी गेले असते त्यांना आज तारीख तरी सांगता आली असती का?

मला लोक अडेलतट्टू म्हणतात हे तुला माहिताय. गिरणी बंद पडली तेव्हा गेटवर आम्ही बसलतो, एक मोठे पुढारी आले, देणी मिळतील म्हणाले, लोक रडले, हार घातले आणि उठले. मी म्हणलतो की लेखी घ्या, सही कुणाची, तारीख कुठली ते घ्या. माझा जिवाभावाचा मित्र म्हणाला, तू माणसावर विश्वासच ठेवत नाहीस, आणि नंतर तो माझ्याशी कधी बोलला नाही. देणी न मिळताच गेला तो. त्याचं मला फार लागतं, रात्री लागतं, पण मी तेव्हा गप्प बसायला पाहिजे होतं असं कुणी म्हणलं तर मी आजही भांडेन. विश्वास ठेवायचा, का नाही ठेवायचा, पण माणूस बदली होऊन जातो आणि नवा येऊन म्हणतो मला माहीत नाही, मग पोरांनी कुणाकडं जायचं?

म्हणून धरणं उठवू नको. साहेब चांगले असतील, असू देत, त्यांच्याशी नीट बोल, आवाज चढवू नको. पण जातीच्या दाखल्यांचे अडकलेले अर्ज कोणत्या टेबलावर आहेत, त्या टेबलावरच्या माणसाचं पद काय, किती तारखेपर्यंत निकाली काढणार आणि नाही काढले तर वर कुणाकडं जायचं, हे लेखी माग. वस्तीचा १९६१ च्या आधीचा पुरावा आणा म्हणतात ना, तर जी माणसं कुंपणात होती त्यांची कागदपत्रं सरकारकडंच असायला पाहिजेत, ती सरकारनंच काढून द्यावीत ही मागणी वर घाल, ती तू खाली सहाव्या नंबरला टाकलीस, का ते मला कळलं नाही.

आणि निघालेल्या पोरांवर चिडू नको, त्यांच्या परीक्षा आहेत, घरी कामं आहेत. पाळ्या लाव. दुपारची पाळी मी बसतो, मला तसंही झोप येत नाही दुपारी. प्रबंधाचं तिसरं प्रकरण घेऊन ये तिकडंच, मांडवात बसून बघू, आणि नवीन निवेदन दिलं की आवक नंबर आणि शिक्का घेतल्याशिवाय काउंटर सोडायचा नाही.

काका