चौदाव्या दिवशीही न्यूट्रोफिल? आधी पाणी तपासा

तुम्ही लिहिलंय की जिलेटिनचा स्कॅफोल्ड (पेशींना आधार देणारा सच्छिद्र सांगाडा) उंदराच्या पाठीत कातडीखाली ठेवला, चौदाव्या दिवशी काढला, तरी न्यूट्रोफिलची (दाहात सगळ्यात आधी धावून येणाऱ्या पांढऱ्या पेशींची) गर्दी हटलेली नाही, मॅक्रोफेज (परकं ते गिळणाऱ्या पेशी) सगळे सीडी८६ ही दाहाची खूण दाखवतायत आणि गाईड म्हणतात मटेरियलच दाहक आहे, विषय बदला. इतक्यात बदलू नका. पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी हेच मी ऐकलंय, फक्त माझं मटेरियल कायटोसान होतं, कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून करतात ते.

आधी प्रथिनांचा थर, मग न्यूट्रोफिल, मग मोनोसाइट (ज्यांचे पुढे मॅक्रोफेज होतात), हा क्रम तुम्हाला पाठ असणार. न्यूट्रोफिलनी साधारण पहिल्या काही दिवसांत काढता पाय घ्यायला हवा. दोन आठवडे ते ठाण मांडून असतील तर माझा पहिला संशय जंतुसंसर्गावर आणि लगेच दुसरा एंडोटॉक्सिनवर, म्हणजे जंतूंच्या भिंतीतल्या विषावर.

माझी ती स्लाइड अजून डोळ्यांसमोर आहे. मधे कायटोसानचे तुकडे, भोवती जांभळे ठिपके, कुणीतरी रांगोळीचा डबा लवंडल्यासारखे. कायटोसानकडे न्यूट्रोफिल तसेही धावतात असं छापून आलेलं होतं, म्हणून मी आठ महिने बिचाऱ्या मटेरियललाच दोष देत बसले. एंडोटॉक्सिनचा विचार आला नव्हता असं नाही. नमुने एका चाचणी विभागाकडे पाठवले होते, कागद आला: 'आढळले नाही'. तो कागद मी फाइलला लावला आणि विषय संपवला. सगळ्यात महागात पडली ती हीच चूक.

एंडोटॉक्सिनवर ऋण भार, कायटोसानवर धन. दोघं एकमेकांना घट्ट धरून बसतात, मग एलएएल चाचणीला (एंडोटॉक्सिन शोधायची नेहमीची चाचणी) सापडणार काय? म्हणून नमुन्यात मोजून एंडोटॉक्सिन घालायचं आणि परत किती मिळतं ते पाहायचं. ५० ते २०० टक्क्यांत आलं तरच निकाल धरायचा. हे केलं का, असं त्या विभागात जाऊन विचारलं. उत्तर मिळालं, "मॅडम, फॉर्ममध्ये तो कॉलम नाही." शेवटी दुसरीकडून करून घेतलं. घातलेलं जवळपास सगळं गायब!

आणि उगम कुठे? डायलिसिससाठी (मटेरियल धुऊन शुद्ध करण्यासाठी) वापरायच्या डिस्टिल्ड वॉटरच्या कॅनमध्ये. तोटीच्या आत बोट फिरवलं तर बुळबुळीत. मी रोज ते पाणी ऑटोक्लेव्ह करून वापरत होते! १२१ अंशांना जंतू मरतात, त्यांच्या भिंतीतलं एलपीएस, म्हणजे तेच एंडोटॉक्सिन, तसंच राहतं. काचेच्या भांड्यांना २५० अंशांची कोरडी उष्णता, अर्धा तास. जिलेटिनला अर्थातच ते करता येणार नाही, त्यामुळे कमी एंडोटॉक्सिनचा माल आधीच विकत घ्या. डुकराच्या कातडीचं साधं जिलेटिन या बाबतीत बदनाम आहे. उपकरणामागे २० ईयू (एंडोटॉक्सिन मोजायचं एकक) ही मर्यादा माणसात बसवायच्या वस्तूंची. नखाएवढ्या तुकड्याला आणि उंदराला ती लावून खूश होऊ नका.

मी पॅथॉलॉजिस्ट नाही, तुमच्या स्लाइड पाहिलेल्या नाहीत, संसर्गही असू शकतो. पण स्कॅफोल्ड न ठेवता नुसती चीर देऊन शिवलेल्या उंदरांचा गट ठेवला नसेल तर कशावरच बोलता येणार नाही. परवडत असेल तर सी३एच/एचईजे जातीचे उंदीर घ्या. त्यांचा टीएलआर४, म्हणजे एंडोटॉक्सिन ओळखणारा रिसेप्टर, नादुरुस्त असतो, त्यांच्यात दाह बराच उतरला तर चोर सापडला. फक्त प्राणी-नीती समितीकडे नवा अर्ज आजच टाका. त्यांची बैठक कधी होईल हे ज्योतिषालाच विचारावं लागतं.

एक वैयक्तिक चीड: एकट्या सीडी८६वर एम-१ चा (दाह वाढवणारा मॅक्रोफेज) शिक्का मारू नका. आयएल-४ या पेशींमधल्या निरोप्या प्रथिनाला सगळे 'बरं करणारा' सिग्नल म्हणतात, पण मॅक्रोफेज एकमेकांत विरघळून परक्या वस्तूभोवती महापेशी होतात त्या त्याच्याच जोरावर. सीडी२०६ आणि आर्जिनेज (दुरुस्तीकडे झुकलेल्या मॅक्रोफेजच्या खुणा) लावा, तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा दिवसही घ्या.

तुकडे कात्रीने कापत असाल तर थांबवा, बायॉप्सी पंचने गोल काढा. त्रिकोणी छेदाच्या दांड्यांभोवती गोल दांड्यांपेक्षा जास्त प्रतिक्रिया येते हे १९७६ सालीच दाखवलं गेलंय. आणि जुने पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेले ऊतकाचे नमुने) फेकू नका. माझे मी रागाने टाकून दिले होते, नंतर तुलनेला काहीच उरलं नाही.