दोन्ही महायुद्धांना ‘नाही’ म्हणणारी जेनेट रँकिन

प्रश्न : दोन्ही महायुद्धांच्या वेळी अमेरिकेच्या संसदेत युद्धाविरुद्ध मत देणारी एकच बाई होती असं ऐकलं. खरंय का? आणि असं करूनही ती परत निवडून कशी काय आली?

उत्तर : खरंय, फक्त ‘एकच’ हे दुसऱ्या वेळेचं. पहिल्या वेळी तिच्यासोबत आणखी ४९ जण होते.

जेनेट रँकिन, मोंटाना राज्यातली, रिपब्लिकन. १९१६ ला निवडून आली, अमेरिकन काँग्रेसमधली पहिली बाई, आणि तेव्हा अर्ध्याहून जास्त राज्यांत बायकांना मतदानाचाच हक्क नव्हता! मोंटानात तो १९१४ ला मिळाला, त्या चळवळीत ही पुढे होती, त्यामुळे लोक ओळखत होते. प्रचार भाऊ वेलिंग्टनने सांभाळला, पैसाही त्याचाच. २ एप्रिल १९१७ ला शपथ, ६ तारखेला युद्धाचं मतदान, ३७३ विरुद्ध ५०. पेपरात आलं की बाई रडली. रडले तर पुरुष खासदारही होते, पण हेडलाइन हिची.

आता लोक म्हणतात याच मतामुळे ती १९१८ च्या निवडणुकीत पडली. मला ते अर्धंच पटतं. जून १९१७ मधे मोंटानातल्याच ब्यूट शहरातल्या तांब्याच्या खाणीत आग लागून १६८ कामगार गेले, संप झाला, आणि ही उघडपणे कामगारांच्या बाजूने, म्हणजे अ‍ॅनाकोंडासारख्या बलाढ्य खाण कंपनीशी थेट पंगा. शिवाय आधी अख्खं राज्य मिळून दोन खासदार निवडायचं, ते बदलून दोन मतदारसंघ पाडले आणि हिच्या वाट्याला डेमोक्रॅटिक पक्षाचा बालेकिल्ला आला. मग सिनेटला उभी राहिली, पक्षाचं तिकीटच मिळालं नाही, तिसऱ्या पक्षातून लढली आणि हरली.

परत आली ती १९४० ला. युरोपात युद्ध पेटलेलं, आपण त्यात पडू नये असं कितीतरी अमेरिकन लोकांना वाटत होतं, मग काय, १९१७ चं तेच मत आता कामाला आलं.

आणि मग जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. ८ डिसेंबर १९४१, जपानविरुद्ध युद्धाचं मतदान, ३८८ विरुद्ध १. बोलायला उठली तर स्पीकरने बोलूच दिलं नाही, निदान तटस्थ तरी राहा म्हणून सहकारी मागे लागले, ऐकलं नाही. सभागृहात हुर्यो, बाहेर पत्रकारांचा गराडा, शेवटी टेलिफोन बूथमधे शिरून दार लावून घेतलं आणि तिथूनच पोलिसांना फोन करून बोलावलं, तेव्हा कुठे ऑफिसात पोचली. सख्ख्या भावानेसुद्धा कळवलं की मोंटाना पूर्णपणे तुझ्या विरोधात आहे. तीनच दिवसांनी जर्मनी-इटलीविरुद्ध युद्धाचं मतदान आलं, तेव्हा मात्र फक्त ‘हजर’ म्हणाली, म्हणजे बाजूनेही नाही आणि विरुद्धही नाही.

१९४२ ला उभीच राहिली नाही. पण घरी बसली असंही नाही, पुढे भारतात बऱ्याच वेळा येऊन गेली, गांधीजींच्या मार्गाचं तिला फार आकर्षण. जानेवारी १९६८ मधे व्हिएतनाम युद्धाविरुद्ध वॉशिंग्टनमधे हजारो बायकांचा मोर्चा निघाला, पुढे ही, वय ८७. पुढे परत निवडणूक लढवायचंही डोक्यात होतं, तब्येतीने साथ दिली नाही म्हणून राहिलं.