डिजिटल रेगे 'सोलफुल' आहे हे मराठीत कसं सांगायचं?

प्रश्न असा आलाय की डिजिटल रेगेवर, म्हणजे जमैकातल्या रेगे संगीताच्या मशीनच्या ठेक्यावर चालणाऱ्या प्रकारावर, मराठीत लिहिताना 'सोलफुल'ला 'आत्मिक' म्हटलं तर चालेल का. मला नाही वाटत चालेल. आत्मिक म्हटलं की आत्मिक शांती, आत्मिक सुख, म्हणजे आपण थेट प्रवचनाला जाऊन बसतो. 'भावपूर्ण' श्रद्धांजलीला चिकटलाय तो चिकटलाच. 'आर्त' मला फार आवडतो पण त्यात व्याकूळपणा लागतो आणि रेगे तर कितीदा मजेत डुलत असतं.

एक बघा, जमैकातल्या गायकांच्या गळ्यावर 'सोल' या अमेरिकन गायनशैलीचा मोठा संस्कार आहे, त्यामुळे सोलफुल म्हणजे कधीकधी फक्त 'सोलच्या वळणाचं' एवढंच असतं, तिथे तसंच लिहावं. पण गाणं आतून हलवतं असं म्हणायचं असेल तर विशेषण शोधत बसू नका, मराठी हे काम नाम आणि क्रियापदाने करते, 'गाण्यात ओलावा आहे', 'जीव ओतून गायलंय'.

ओलावा मला यासाठी जास्त पटतो की मशीनवरच्या संगीताबद्दल आपली नेहमीची तक्रारच 'कोरडं वाटतं' अशी असते, म्हणजे उत्तर त्याच तक्रारीच्या शब्दात मिळतं. आणि 'डिजिटल'चं 'यांत्रिक' तर अजिबात करू नका, 'यांत्रिकपणे गायली' ही मराठीत सरळ नावं ठेवणंच आहे, शब्दातच निकाल लागून जातो.

आता १९८५ चं 'अंडर मी स्लेंग टेंग' घ्या, वेन स्मिथने गायलेलं, निर्माता किंग जॅमीने किंग्स्टनमध्ये केलेलं. त्यातला ठेका आणि बेस कॅसिओ एमटी-४० या छोट्या कीबोर्डमध्ये आधीच भरलेला होता, 'रॉक' या नावाखाली, जॅमीने त्याची लय कमी केली आणि रेगेचा अख्खा काळ बदलला. पण तो ठेका भरला कोणी? हिरोको ओकुदा या जपानी मुलीने, जी कॅसिओत नुकतीच लागली होती आणि जिने कॉलेजचा प्रबंधच रेगेवर लिहिला होता! म्हणजे जीव ओतलेला होताच, बटण दाबायच्या कितीतरी आधी.

जमैकन गायक ग्रेगरी आयझॅक्सचं १९८८ चं 'रुमर्स' पण ऐका, खाली मशीनचे ठोके एकदम सरळ पडतायत आणि हा माणूस आवाज न चढवता, काही घाई नसल्यासारखा, शब्द ठेक्याच्या जरासे मागून सोडतो. त्या दोघांच्या मधे जी फट राहते ना, मला ओलावा तिथे ऐकू येतो. म्हणून मी लिहिलं असतं तर असं, 'ठेका मशीनचा आहे, पण गाण्यात ओलावा आहे.' यातला 'पण' पण खरं तर काढून 'आणि' टाकायला माझी हरकत नाही.