‘चरित्र अभिनेता’: नेमकं कुणाचं चरित्र?

प्रश्न असा आला आहे: गावातल्या एका ज्येष्ठ नटाच्या सत्कारासाठी मानपत्र लिहिलं. त्यात ‘ज्येष्ठ चरित्र अभिनेते’ असं म्हटलं. घरी वाचून दाखवल्यावर आजींनी विचारलं, “यांनी कुणाकुणाची चरित्रं केली?” शब्द चुकला का?

आजींचा कान तयार आहे. मराठीत चरित्र म्हणजे कुणाची तरी जीवनकथा. लीळाचरित्रापासून हा अर्थ आपल्या अंगवळणी पडला आहे. ज्याचं चरित्र लिहायचं तो चरित्रनायक. ‘प्रभात’चा १९३६चा ‘संत तुकाराम’ हा चरित्रपट. मग चरित्र अभिनेता म्हणजे चरित्रपटात काम करणारा, असं कुणाला वाटलं तर त्यात नवल काय?

हा शब्द आपल्याकडे हिंदीतून आला. हिंदीत नाटक-कादंबरीतल्या पात्रालाही ‘चरित्र’ म्हणतात. आपण ज्याला व्यक्तिचित्रण किंवा स्वभावचित्रण म्हणतो, ते तिकडे ‘चरित्र-चित्रण’. त्यामुळे ‘कॅरेक्टर ॲक्टर’चा ‘चरित्र अभिनेता’ हिंदीत सरळ बसतो. मराठीत मात्र इंग्रजी ‘कॅरेक्टर’ची वाटणी झाली आहे: नाटकातलं ते पात्र किंवा व्यक्तिरेखा, वागणुकीतलं ते चारित्र्य. चरित्राच्या वाट्याला यातलं काहीच आलं नाही.

थोडं विषयांतर करतो, कारण मला या शब्दाचं मूळ फार आवडतं. ‘चर्’ म्हणजे चालणे, त्याला ‘इत्र’ प्रत्यय. ज्याने खणायचं ते खनित्र, तसं ज्याने चालायचं ते चरित्र. म्हणजे चक्क पाय! ऋग्वेदात विश्पला नावाच्या स्त्रीचा पाय लढाईत पक्ष्याच्या पंखासारखा तुटला, असं सांगताना हाच शब्द आला आहे (१.११६.१५). अश्विनीकुमारांनी तिला धातूचा पाय बसवला, ती गोष्ट हीच. पायावरून चालणं, चालण्यावरून वागणं, वागण्यावरून जीवनकथा, असा या शब्दाचा प्रवास दिसतो.

पण माझी खरी तक्रार अर्थापेक्षा त्यामागच्या उतरंडीबद्दल आहे. हिंदी सिनेमात आधी हिरो ठरतो, मग हिरॉइन. वडील, वकील, डॉक्टर, इन्स्पेक्टर उरतात ते ‘चरित्र अभिनेत्यां’कडे. डॉ. श्रीराम लागूंचंच बघा. कान-नाक-घशाचे शल्यविशारद असलेला हा माणूस चाळिशी ओलांडल्यावर पूर्णवेळ नट झाला आणि १९७०मध्ये ‘नटसम्राट’मधले म्हातारे गणपतराव बेलवलकर करताना त्रेचाळीस वर्षांचा होता. त्या नाटकाचा नायकच थकलेला म्हातारा. तिथे लागूंना कुणी चरित्र अभिनेता म्हणणार नाही. तेच लागू हिंदीत गेले, तिथे वर्षानुवर्षं वडील आणि न्यायाधीश झाले आणि त्यांना हे लेबल चिकटलं. नट तोच, बदलली ती मांडणी. निळू फुल्यांनाही इथे अख्खा सिनेमा खांद्यावर पेलता येत होता, हिंदीत वाट्याला आल्या त्या दुय्यम भूमिका.

गंमत म्हणजे १९८२च्या ‘गांधी’त लागूंनी गोपाळ कृष्ण गोखले केले. तेवढ्यापुरते ते आजींच्या अर्थानेही चरित्र अभिनेते झाले!

मग मराठी शब्द कोणता? नाटकवाल्यांच्या तोंडी आहे ‘कॅरेक्टर रोल’. “तो कॅरेक्टर रोल करतो,” असं कुणी म्हटलं की ऐकणाऱ्याला लगेच कळतं. ‘सहायक अभिनेता’ पुरस्कारांच्या यादीत ठीक, मानपत्रात नको. चाळीस वर्षं रंगभूमीवर घालवलेल्या माणसाला तुम्ही कुणाचा तरी सहायक का ठरवता? आपल्याकडे खरा चलनी शब्द आहे ‘काम’. प्रयोग सुटल्यावर लोक जिन्यातच म्हणतात, “मामाचं काम कुणी केलंय हो? काय काम केलंय!” पहिलं काम म्हणजे भूमिका, दुसरं म्हणजे अभिनय, आणि दोन्हींसाठी एकच शब्द पुरतो.

तेव्हा मानपत्रातला तो शब्द काढा. ‘ज्येष्ठ नट’ पुरे. त्यापुढे त्यांच्या गाजलेल्या दोन-तीन कामांची नावं द्या, म्हणजे लेबल लागणारच नाही. वर्तमानपत्रात ‘चरित्र अभिनेता’ आता रुळला आहे, त्यामुळे त्याला अशुद्ध म्हणून कुणाशी भांडू नका. मंडळाने तोच शब्द हवा म्हणून हट्ट धरलाच, तर निदान ‘चरित्रअभिनेते’ असा जोडून लिहा. मराठीत सामासिक शब्द तोडत नाहीत.