झेंडावंदन, ध्वजारोहण की ध्वज फडकवणे?

प्रश्न असा आहे: 'सोसायटीच्या २६ जानेवारीच्या सूचनेत मी "ध्वजारोहण" असं लिहिलं. एका सभासदाने ते खोडायला लावलं. त्यांचं म्हणणं, ध्वजारोहण फक्त १५ ऑगस्टला; २६ जानेवारीला "ध्वज फडकवणे" असंच म्हणायचं. हे खरं का? आणि मग झेंडावंदन कशाला म्हणायचं?'

सभासदांचा आधार कोणता ते ओळखू येतं. जानेवारी आला की तो संदेश मोबाइलवर फिरायला लागतो. त्यात सांगितलेल्या प्रथेत तथ्य आहे. १५ ऑगस्टला ध्वज काठीच्या तळापासून वर चढवायचा, कारण त्या दिवशी परकी निशाण खाली येऊन आपलं वर गेलं. २६ जानेवारीला तो आधीच टोकाशी बांधून ठेवायचा आणि दोरी ओढून नुसता मोकळा करायचा, कारण १९५० साली देश स्वतंत्र झालेलाच होता, फक्त प्रजासत्ताक झाला. पहिला मान लाल किल्ल्यावर पंतप्रधानांचा, दुसरा कर्तव्यपथावर राष्ट्रपतींचा. (नेहरूंनी लाल किल्ल्यावर पहिल्यांदा ध्वज चढवला तो १६ ऑगस्ट १९४७ ला, पण हे त्या संदेशात कधी नसतं.) राज्यांत १९७४ पासून १५ ऑगस्टला मुख्यमंत्री आणि २६ जानेवारीला राज्यपाल, अशी वाटणी आहे.

मात्र दोन दिवसांच्या प्रथा वेगळ्या आहेत म्हणून शब्दही एकेका दिवसाला बांधून टाकायचे, हे कुठल्या नियमात नाही. २६ जानेवारी २००२ पासून लागू असलेल्या ध्वजसंहितेत एक मजेदार सवलत आहे. ध्वजात काहीही गुंडाळून ठेवायला मनाई, पण फुलांच्या पाकळ्या ठेवायला हरकत नाही. हे कलम ध्वज उलगडण्याबद्दल बोलतं आणि प्रजासत्ताक दिन व स्वातंत्र्य दिन ही दोन्ही नावं एका दमात घेतं. म्हणजे उलगडणं, फडकवणं दोन्ही दिवशी चालतं. कित्येक शाळांत तर १५ ऑगस्टलाही घडी घातलेला, पाकळ्या भरलेला झेंडा सकाळीच वर नेऊन ठेवलेला असतो. पाहुण्यांनी दोरीला हिसका दिला की सरकगाठ सुटते. गाठ फार घट्ट बसली असेल तर दोरी बांधणाऱ्या पीटीच्या सरांना घाम फुटतो.

आता शब्दाकडे. ध्वज + आरोहण = ध्वजारोहण. गिर्यारोहणात माणूस गिरीवर चढतो, अश्वारोहणात घोड्यावर. ध्वजारोहणात मात्र ध्वजावर कोणी चढत नाही, ध्वजच चढतो. समासाची घडण एक, पण पहिलं पद कधी कर्म तर कधी कर्ता. 'चढवणं' दाखवायचं तर प्रयोजक 'आरोपण' हवं, असं कोणी म्हटलं तर व्याकरण त्याच्या बाजूने आहे. 'ध्वजारोपण' हा शब्दही सापडतो. पण 'ध्वजारोहण' आजकालचा नाही. दक्षिणेतल्या देवळांत ब्रह्मोत्सव ध्वजारोहणाने सुरू होतो आणि ध्वजावरोहणाने संपतो. इतका रुळलेला शब्द व्याकरणाच्या बारकाव्यासाठी टाकून देण्यात अर्थ नाही.

'फडकवणे' हे क्रियापद कापडाचं आहे, काठीचं नव्हे. वाऱ्यावर फडफडणारं कापड कधी ही बाजू दाखवतं, कधी ती. आपल्या ध्वजाचं आजचं रूप ठरण्यात ह्या फडकण्याचाही वाटा आहे. १९३१ च्या काँग्रेसच्या तिरंग्यावर चरखा होता. २२ जुलै १९४७ ला संविधान सभेत ठराव मांडताना नेहरूंनी सांगितलं की ध्वजावरचं चिन्ह दोन्ही बाजूंनी सारखंच दिसायला हवं; चरख्याचं चाक एकीकडे आणि चाती (सूत कातायची सळई) दुसरीकडे, तेव्हा पाठीमागून तो उलटा दिसणार. म्हणून चरख्यातलं चाक तेवढं राहिलं, सारनाथच्या अशोकस्तंभावरचं, २४ आऱ्यांचं. ते कुठूनही पाहा, तसंच.

खरं तर जुन्या मराठीला ह्या दोन क्रियापदांची चैन पुरत नसे. झेंडा लावतात, रोवतात, उभारतात, चढवतात, मिरवतात. १७५८ च्या मोहिमेवरून आलेल्या वाक्प्रचारात मराठ्यांनी अटकेपार झेंडे 'लावले' आहेत, फडकवलेले नाहीत. दुखवट्याच्या बातमीत 'ध्वज अर्ध्यावर उतरवला' लिहितात तेही अगदी काटेकोर आहे, कारण नियमाप्रमाणे ध्वज आधी पूर्ण टोकापर्यंत न्यावा लागतो आणि मगच अर्ध्यावर आणतात. संध्याकाळी उतरवण्यापूर्वी पुन्हा एकदा टोकापर्यंत.

राहिलं झेंडावंदन. हा अख्ख्या कार्यक्रमाचा शब्द: रांगा, सलामी, राष्ट्रगीत, भाषण, शेवटचा खाऊ, सगळं त्यात आलं. 'झेंडावंदनाला चाललो' म्हणणाऱ्याला दोरीचं तंत्र अभिप्रेत नसतं. देशी 'झेंडा' आणि संस्कृत 'वंदन' यांची जोडी काहींना खटकते, मला नाही. १९२३ साली नागपुरात झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्समध्ये जायला मनाई झाली. जमनालाल बजाजांना अटक झाली, पुढे वल्लभभाईंनी सूत्रं घेतली आणि तो लढा 'झेंडा सत्याग्रह' म्हणूनच ओळखला जातो. तिथे ही जोडी चालली, तर शाळेच्या मैदानावर का चालू नये?

तेव्हा सूचनेत 'सकाळी ८ वाजता झेंडावंदन' लिहा, वाद मिटेल. 'ध्वजारोहण' लिहिलंत तरी चूक नाही, २६ जानेवारीलाही नाही. संस्कृत जोडच हवी असेल तर 'ध्वजवंदन'. 'ध्वजावंदन' मात्र नको, फलकांवर ते सर्रास दिसलं तरी. 'ध्वजारोहण'मधला काना 'आरोहण'चा आहे, 'झेंडावंदन'मधला 'झेंड्या'चा. 'ध्वजवंदन'ला तो देणारं कोणीच नाही.